बरांट्यांच्या घरची कडी

कुमुदकाकू रिकाम्या घराची कडी वाजवतात.

एकदा नाही, तीनदा. मग दोन पावलं मागे सरकतात, पदर सारखा करतात आणि थांबतात. मी मोजलं आहे, साधारण बारा सेकंद. आतून उत्तर येत नाही, कारण आत कोणी नसतं. त्या घरात शेवटचं माणूस राहिलं त्याला सत्तरएक वर्षं झाली. बारा सेकंद झाले की काकू "येते हं" म्हणतात, मान वाकवतात आणि आत शिरतात. मान वाकवायची खरं तर गरज नाही. दार एकशे ऐंशी सेंटिमीटर उंच आहे आणि काकू एकशे अठ्ठेचाळीस.

हे घर म्हणजे नुसते ओंडके. एकावर एक रचलेले, फटींत माती लिंपलेली, वर पत्रा. ब्रांट नावाच्या एका जर्मन शेतकऱ्याने ते बांधलं. नवरा, बायको आणि सात मुलं, अशी नऊ माणसं त्या एका खोलीत राहत. पुढे घर मोडकळीला आलं तेव्हा कोणीतरी प्रत्येक ओंडक्यावर पितळी बिल्ला ठोकला, बिल्ल्यावर नंबर घातला, घर सुटं केलं, ट्रकवर चढवलं आणि ह्या जुन्या गावात आणून पुन्हा उभं केलं. जुनं गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वेरिबीपासून त्रेसष्ट किलोमीटरवरचं हेरिटेज व्हिलेज. फक्त बुधवारी आणि रविवारी उघडं. तिथली शाळा एका गावची, चर्च दुसऱ्या, लोहाराचं दुकान तिसऱ्या. सगळं ट्रकवरून आलेलं.

"म्हणजे ह्या गावात मूळचं कोणीच नाही," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "सगळेच पीआरवाले, बाहेरून येऊन कायमचे राहिलेले."

काकू माझ्या शेजाऱ्याच्या, समीरच्या आई. काकांच्या मागे समीरने त्यांना चाळीसगावहून इकडे आणलं. समीर आणि त्याची बायको दोघं आयटीत. काकू दिवसभर घरात बसून भिंतीशी बोलायला लागतील म्हणून समीरने त्यांचं नाव व्हॉलंटियरमध्ये घातलं. त्याचा अंदाज चुकला नाही. त्या भिंतीशीच बोलतात, फक्त आता ओंडक्यांच्या. "विनायक, ह्या रविवारी जरा आईला सोडशील का? फक्त ह्या रविवारी," असं तो मला म्हणाला, त्याला मी हे लिहितो आहे तोपर्यंत एकाहत्तर रविवार झाले.

माझी बायको मेधा म्हणते, गेला नाहीस तर घरी बसून पन्हळीतली पानं मोजशील. मोजली असती, हे मला मान्य आहे.

काकूंचं काम सोपं होतं. पाचवारी साडीवर व्हॉलंटियरचं पिवळं जाकीट चढवायचं, पायात सुनेचे जुने रनिंग शूज, आणि दाराशी खुर्ची टाकून बसायचं. कोणी आलं की भिंतीवरचा बोर्ड दाखवायचा. बोर्डावरच्या चार ओळी त्यांना पाठ करायला दिल्या होत्या. त्यातली एकही त्यांनी कधी म्हटली नाही. ब्रांट हे नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात बरांटे करून टाकलं. घरधनी झाले बरांटे भावजी आणि त्यांची बायको योहाना ही जोहानावहिनी. मग इतिहास उरला नाही, शेजारच्या घरातल्या गोष्टी सुरू झाल्या.

"दिस मॅन," त्या पाहुण्यांना भिंतीवरच्या दाढीवाल्या फोटोकडे बोट करून सांगतात, "व्हेरी हार्ड वर्क. बट नो ब्रेन." मग चुलीकडे. "सेव्हन चिल्ड्रन. कुकिंग हिअर. विंडो देअर." खिडकी समोरच्या भिंतीला, चुलीपासून तीन मीटर सत्तरवर. "धूर कुठे जाणार? वहिनींच्या डोळ्यांत!" शेवटचं वाक्य मराठीत असतं, पण मी त्यावर माना डोलावणारे व्हिएतनामी पाहिलेत, ग्रीक पाहिलेत, टॅस्मानियाहून कॅरॅव्हॅन घेऊन आलेलं एक म्हातारं जोडपं पाहिलं. त्यातल्या आजीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो बाहेर जाऊन गाडीत बसला.

काकूंचं एक वाक्य ठरलेलं. "नो वरीज, पण." ऑस्ट्रेलियात येऊन त्यांनी उचललेला हा पहिला शब्द, आणि पुढचा 'पण' त्यांचा स्वतःचा. नो वरीज म्हटल्यानंतर काळजीची गोष्ट आली नाही असं एकदाही झालेलं नाही. "नो वरीज, पण तुझ्या गाडीचा मागचा टायर बसलाय." "नो वरीज, पण मेधा बारीक झालीय, तिला विचार काही." माझी मुलगी ईशा हल्ली घरात हेच म्हणते. "नो वरीज पण, बाबा, आय फेल्ड मॅथ्स." माझ्या घरात, गणितात!

मी बसून बसून काय करणार? पहिल्या महिन्यात ओंडके मोजले. बोर्डावर अठ्ठावन्न लिहिलंय. प्रत्यक्षात सत्तावन्न आहेत. एकतीस नंबर नाहीच. त्याच्या जागी मागच्या भिंतीत दोन फळ्या ठोकल्या आहेत. मी व्हिलेजच्या कमिटीचा प्रमुख ग्लेन याला तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही म्हणून आठवणीचं पत्र लिहिलं. ग्लेन हा निवृत्त प्लंबर, स्वभावाने चांगला, पण तेव्हापासून मी दिसलो की तो चर्चच्या मागे जायला लागला.

"तुझं डोकं म्हणजे नुसता मीटर आहे," काकू म्हणाल्या. "अरे, एक ओंडका नाही तर नाही. भिंत उभी आहे ना? माणसं मोज. आज किती जण आले?"

"एकोणतीस."

"आणि हसून किती गेले?"

हे मी मोजलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून तोही रकाना घातला.

कडीचं मात्र मला कळेना. लोखंडी कडी, ती वाजवून रिकाम्या घरात जायचं कशासाठी? मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "साप असतो. आवाज झाला की जातो." हे पटण्यासारखं होतं. पण हिवाळ्यातही त्या वाजवत, आणि हिवाळ्यात साप बाहेर नसतात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जोहानावहिनींच्या घरात न सांगता कशी शिरू?" मी वहीत दोन्ही उत्तरं लिहिली आणि समोर प्रश्नचिन्ह घातलं.

आता जमीन. त्या घराची जमीन मातीची. पाहुण्यांच्या बुटांनी तिची धूळ उडायची आणि उन्हाळा आला की भेगा पडायच्या. सगळ्यात मोठी भेग मी टेपने मोजली होती, एकशे बारा सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला माझी करंगळी जाईल इतकी रुंद. काकू लोकांना बूट बाहेर काढायला लावायच्या. कमिटीने ते बंद केलं, कोणाच्या पायात काही गेलं तर जबाबदारी कोणाची म्हणून. मग कमिटीने ठरवलं की दारातच दोरी लावायची. लोकांनी बाहेरून डोकावून पाहायचं.

"म्हणजे घरात कोणी यायचंच नाही?" काकूंनी विचारलं.

"जमीन वाचवायचीय, कुमूड," ग्लेन म्हणाला.

"नो वरीज," काकू म्हणाल्या. आणि त्या दिवशी प्रथमच पुढे 'पण' आला नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या, आजच जाऊ, जरा झाडझूड करायचीय. शनिवारी व्हिलेज बंद, पण व्हॉलंटियरला जाता येतं. आवारातल्या कामाच्या लोकांनी काकूंना दार उघडून दिलं. माझ्या डिकीत काकूंनी दहा लिटरची रंगाची रिकामी बादली ठेवली होती. बादली रिकामी जाते आहे तर तिच्यात काय भरणार, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. झाडाखाली गाडी लावून मी क्रिकेट ऐकत बसलो. दोन तास दहा मिनिटं.

व्हिलेजच्या कुंपणात मुलांना दाखवायला दोन गाई ठेवल्या आहेत. पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ओंडक्यांच्या घरासमोर ग्लेन उभा होता, टोपी हातात घेऊन, कोणी वारल्यासारखा. आत जमीन आरशासारखी होती. एक भेग नाही, एक खडा नाही. काळपट हिरवा रंग आणि त्यावर पंखा उघडावा तसे बोटांचे अर्धगोल, एकाला लागून एक, कोपऱ्यापासून दारापर्यंत. उंबऱ्याशी तर एक छोटी रांगोळीही होती. वास यायचा तेवढा येत होता.

"कुमूड," ग्लेन म्हणाला, "हे काय आहे, मेट?"

"काऊ," काकू म्हणाल्या.

"आय कॅन स्मेल इट्स अ काऊ!"

"नो वरीज, पण दोन दिवस पाणी सांडू नका."

ग्लेनने मला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. हे घर म्हणजे जपायची वस्तू. तिच्यावर ना खिळा ठोकायचा, ना रंग लावायचा. तसं काकूंनी फॉर्मवर सही करून मान्य केलेलं. आणि ह्यांनी तिला चक्क शेण लावलं! मंगळवारी कमिटीची बैठक होईल. ज्या कुटुंबाने घर दिलं त्यांनाही बोलावलंय. बहुतेक काकूंना तिथून हलवून टी रूममध्ये घालतील.

परतीच्या वाटेवर वीस किलोमीटर काकू मांडीवरच्या पिवळ्या जाकिटाच्या घड्या घालत होत्या. एरवी एवढ्या अंतरात त्या समीरच्या अख्ख्या सासरचा समाचार घेतात.

"टी रूममध्ये काय असतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"स्कोन. छोटे गोल पाव असतात, जॅम आणि क्रीम लावून द्यायचे. एसी आहे."

"मी स्कोन विकू?"

"विकायचे नाहीत काकू, नुसते द्यायचे."

"तेच ते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, वाळलेलं गवत आणि वाळलेलं गवत. "विनायका, चाळीसगावला दोन खोल्या होत्या आमच्या. भाड्याच्या. चौतीस वर्षं राहिलो. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून ठोकायचा. समीरचं घर समीरचं आहे, चांगलं आहे, मोठं आहे. पण तिथे मी काही केलं की तो धुराचा अलार्म ओरडतो. फोडणी दिली की ओरडतो."

मी म्हटलं, त्याला वरून पिशवी बांधतात काही लोक, पण ते नियमात बसत नाही.

"तू कडीचं विचारत होतास ना," त्या म्हणाल्या. "इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात मी समीरच्या खोलीत सरळ गेले. हातात झाडू, डोक्याला टॉवेल. तो मीटिंगमध्ये होता, कॅमेरा चालू. त्याच्या ऑफिसातल्या अकरा जणांनी मला पाहिलं. एक बाई तर हात हलवून हॅलो म्हणाली, मी पण झाडू हलवला." त्या हसल्या. मीही हसलो. "तो रागावला नाही रे. हसतच म्हणाला, आई, जरा नॉक करत जा. बरोबरच आहे त्याचं. तेव्हापासून करते. प्रत्येक दाराला. स्वयंपाकघराला दार नाही, तर ओट्यावर वाजवते. मग ती सवयच लागली. वाजवलेलं बरं. आपण आत आलेलं चालतंय का, ते दुसऱ्याला ठरवू द्यावं."

वेरिबी येईपर्यंत मी वेगमर्यादेच्या पाच किलोमीटर खाली गाडी चालवली. असं मी सहसा करत नाही. अगदी मर्यादेवर चालवतो.

मंगळवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. बैठक ओंडक्यांच्या घरातच होती. ग्लेन, कमिटीचे आणखी चौघं, आणि चाकांच्या वॉकरला धरून उभी असलेली एक उंच म्हातारी, आयरीन. जोहानावहिनींची नात. लहानपणी दोन वर्षं ह्याच घरात आजीजवळ राहिलेली. काकू दाराबाहेर अनवाणी उभ्या होत्या, रनिंग शूज शेजारी जोडून ठेवलेले. कोणी आत या म्हटलं नाही म्हणून गेल्या नव्हत्या.

मी वही काढली. भेगा आधी किती होत्या ते सांगितलं. एकूण तेवीस. सगळ्यात मोठी एकशे बारा सेंटिमीटर. आता शून्य. पाहुणे सरासरी एकतीस, त्यातले हसून गेलेले सव्वीस.

"हसलेले तू मोजलेस?" कमिटीतली एक बाई म्हणाली.

"हाच तो एकतीस नंबरवाला," ग्लेन तिच्या कानात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"एकतीस?" आयरीन एकदम म्हणाली. "तो ट्रकवरून पडला. मी मागच्या गाडीत होते. आम्ही थांबलोही नाही."

माझ्या आयुष्यातला एक प्रश्न असा सुटला. पण तेव्हा त्याचा आनंद घ्यायला वेळ नव्हता, कारण आयरीनने वॉकर सोडला होता. भिंतीला धरत ती हळूहळू खाली वाकली आणि एक तळवा जमिनीवर टेकवला. एका अर्धगोलावरून बोटं फिरवली. मग दुसऱ्या. मग नाकाशी नेऊन बोटांचा वास घेतला. मी सेकंद मोजायचे विसरलो.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

ग्लेनने सुटकेचा श्वास टाकला. दाराबाहेर काकूंनी मान खाली घातली. इंग्रजी त्यांना एवढं कळतं.

"दिशा चुकली," आयरीन म्हणाली. "हे सगळे अर्धगोल उजव्या हाताचे आहेत. माझी ओमा, माझी आजी, डावखुरी होती. दर शनिवारी करायची, चिखल आणि शेण, आणि करताना आजोबांना शिव्या घालायची. जर्मनमध्ये."

मी काकूंना मराठीत सांगितलं. काकूंचा चेहरा आधी फुलला, मग त्यांनी भुवया वर केल्या.

"शिव्या? कशाबद्दल?"

मी विचारलं. आयरीन म्हणाली, "खिडकीबद्दल."

"बघ!" काकू माझ्याकडे बघून ओरडल्या. "बघ! मी काय सांगत होते!" आणि तरातरा आत आल्या, आयरीनच्या शेजारी उकिडव्या बसल्या, आणि दोघींनी मिळून बरांटे भावजींच्या फोटोकडे असं पाहिलं की तो भिंतीवरून पडला नाही हे नवल. "नो वरीज, पण," काकू तिला म्हणाल्या, "लेफ्ट हँड, नो. माय लेफ्ट हँड, नो गुड. यू टीच?"

पुढचा तपशील कमिटीच्या इतिवृत्तात आहे. थोडक्यात सांगायचं तर जमीन आहे तशी ठेवायची ठरली. महिन्यातून एकदा शनिवारी सारवायची, आणि ते काम काकूंचं. बोर्डावर तशी एक ओळ वाढवायची. दोरी रद्द. ग्लेनची एकच अट होती की हातमोजे घालायचे. काकू त्याला म्हणाल्या की हातमोजे घालून सारवणाऱ्या बाईला बरांट्यांची सून म्हणत नाहीत. ह्याचं भाषांतर मी केलं नाही. धोक्यांचा एक फॉर्म भरायचा होता, तो मी भरला. धोका : गाय. शक्यता : कमी. उपाय : मागून जाऊ नये. बोर्डावरचे अठ्ठावन्न खोडून सत्तावन्न करायचंही मंजूर झालं, चार विरुद्ध एक मतांनी.

आणि महिन्यातून एकदा बंद असताना यावं लागणार म्हणून ग्लेनने काकूंना घराची किल्ली दिली. जुनी लोखंडी, तळहाताएवढी. काकूंनी ती कमरेला खोचली. परतताना गाडीत त्या नेहमीसारख्या बोलत होत्या, समीरच्या मेव्हण्याचं लग्न कसं मोडलं वगैरे, पण एक हात सबंध त्रेसष्ट किलोमीटर कमरेवर होता.

पुढच्या रविवारी आम्ही दहाला पाच मिनिटं असताना पोचलो. मला गाडी लावायला जरा उशीर झाला, झाडाखालची माझी जागा एका कॅरॅव्हॅनने घेतली होती. मी लांबूनच पाहिलं. काकूंनी बूट काढले. किल्ली फिरवली, कडी उघडली, आणि वाजवली नाही. बारा सेकंदही थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या, मान न वाकवता. दार मागे अर्धवट लोटलेलं राहिलं.

मी दारापाशी आलो. एरवी मी त्यांच्या मागून आत जातो, पण त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे. मी कडी वाजवली. तीनदा. दोन पावलं मागे सरकलो.

आत झाडू थांबला.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"विनायक."

"मग बाहेर काय उभा राहिलास? ये की आत," काकू म्हणाल्या. "आणि बूट काढ. नुकतंच सारवलंय माझं घर."